आवृत्ती तीनमधली दुपार

दुपारी एक ते चार माणसानं झोपावं हा शोध आपला आहे, असं पुण्याचे लोक सांगतात. सांगलीकर त्यावर वाद घालत नाहीत. वाद घालायची वेळ येते तेव्हा ते झोपलेले असतात.

२०४९ सालीही यात फरक पडलेला नव्हता. मोटारी आपापल्या चालू लागल्या होत्या, पण विश्रामबागेत दुपारी दोनच्या सुमाराला त्याही कडुनिंबाची सावली बघून उभ्या राहत आणि हलवल्याशिवाय हलत नसत. मार्केट यार्डाकडून हळदीचा वास घेऊन निघालेला वारा गल्लीच्या तोंडाशी थबकायचा आणि आत सगळे झोपलेत असं दिसल्यावर चपला हातात घेतल्यासारखा हळूच शिरायचा. अशा एका दुपारी शिरीष आठल्ये आडवे झाले, त्यांनी पायावर पाय टाकला, डोळे मिटले, आणि त्यांच्या उजव्या कानामागून एक गोड बाई बोलू लागली.

"प्रिय ग्राहक, आपण अजूनही आवृत्ती तीन वापरत आहात."

"हो," आठल्ये म्हणाले.

"आवृत्ती तीनची देखभाल या महिन्याच्या एकतीस तारखेला बंद होत आहे. त्यानंतरची झोप आपण आपल्या जबाबदारीवर घ्यावी."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात आठल्यांनी बरीच कामं स्वतःच्या जबाबदारीवर केली होती. त्यांत झोप धरलेली नव्हती.

"आली का हो ती बाई आजपण?" शेजारच्या खोलीतून मेधाताईंनी विचारलं.

"आली. आज तारीख घेऊन आली."

"मग घ्या ना बदलून. अख्ख्या सांगलीत तुम्ही एकटे राहिलात तीनवर. लाज वाटते मला सांगायला."

"एकटा नाही," असं आठल्ये म्हणून गेले. मग आपण फार बोललो असं वाटून त्यांनी कूस बदलली.

मेधाताई केव्हाच नवव्या आवृत्तीवर गेल्या होत्या. तीन तासांची वामकुक्षी त्या बावीस मिनिटांत उरकून उठत. वाचलेल्या वेळात त्या जपानी शिकल्या. सांगलीत जपानी बोलायला कोणी नसल्यामुळे त्या भाषेचा उपयोग त्या नवऱ्यावर रागवायला करत, आणि नवऱ्यालाही ते सोयीचं होतं.

ही सगळी त्या मण्याची करामत. 'शांतनिद्रा' नावाच्या कंपनीनं तांदळाच्या दाण्याएवढा एक मणी काढला होता. तो कानामागच्या कातडीखाली बसवायचा. झोप लागली की मेंदूत मोठ्या, संथ लाटा उठतात, सेकंदाला साधारण एक. मणी त्या लाटा ऐकायचा आणि लाट वर चढत असतानाच तिला अगदी हलका टोला द्यायचा. झोक्याला नेमक्या वेळी नुसतं बोट लावलं तरी झोका वाढतो, तशी झोप वाढायची. म्हातारपणी ज्यांचा झोका मध्येच अडकत होता, त्यांनी तो मणी मुकाट्यानं बसवून घेतला. गोम एवढीच होती की आवृत्ती तीन दुपारच्या झोपेतही माणसाला स्वप्नापर्यंत घेऊन जायची. तक्रारी आल्या. झोपेसाठी पैसे मोजले आहेत, स्वप्नं मागितलेली नाहीत, असं ग्राहकांचं म्हणणं पडलं. चौथ्या आवृत्तीपासून कंपनीनं ही त्रुटी काढून टाकली.

आठल्यांनी ती जपून ठेवली होती.

*

झोप लागली की पाणी यायचं.

नगरपालिकेच्या आठ नंबर शाळेचा तालमीचा हॉल, आणि त्यात घोट्याएवढं कृष्णेचं पाणी. ऊन खिडकीतून न येता पाण्यातून वर यायचं, आणि हळदीतून गाळून घेतल्यासारखं पिवळं असायचं. बाकं होड्यांसारखी एकमेकांना बांधलेली. संहितेची पानं पाण्यावर तरंगत फिरायची आणि जो प्रवेश करायचा असेल त्याचं पान आपण होऊन पायाशी येऊन थांबायचं. तबल्यावर एक बगळा बसायचा. तो कोणाचा, हे कोणी कोणाला विचारत नसे.

आणि रंगमंचाच्या कडेला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, पाण्यात पाय सोडून उदय मगदूम बसलेला असायचा. त्याचं वय ठरलेलं नसे. कधी तिशीचा, कधी सत्तरीचा. आवाज मात्र एकाच वयाचा.

"उशीर केलास, शिऱ्या."

"बाई बोलत होती."

"माझ्याकडंपण आलती. एकतीस तारीख म्हणाली."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बाई, दुपारचं येत जाऊ नका. आमची तालीम असते."

बगळ्यानं मान हलवली. आठल्ये विंगेतल्या आपल्या स्टुलावर बसले. स्टूल थोडं तरंगत होतं, पण ते पहिल्यापासूनच जरा डुगडुगतं होतं, त्यामुळे फरक जाणवत नसे. मगदूम उठला आणि बोलू लागला, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यासरशी पाण्यावर एक वर्तुळ उठून भिंतीपर्यंत जाऊन परत येऊ लागलं. नाटक तेच, 'उताराची नाव'. मगदूमची भूमिका तीच, दौलू नावाडी. पहिला अंक व्हायचा, दुसरा व्हायचा. तिसऱ्या अंकात दौलू वीस वर्षांनी घरी येतो. तो उंबऱ्याशी येईपर्यंत कुठून तरी, फार लांबून, किटलीची शिट्टी यायची, पाणी ओसरायचं, आणि मेधाताई चार वाजल्याचं जपानीत सांगायच्या.

रोज तिथंच. तीन वर्षं झाली, दौलू काही घरात शिरला नव्हता.

*

जागेपणी या दोघांत बावीस वर्षं बोलणं नव्हतं.

मगदूम राहायचे समोरच. वीस फुटांची गल्ली, अलीकडे आठल्यांची गॅलरी, पलीकडे मगदुमांची. उदय मगदूम हळदीचे अडते. सौद्यात हळदीची बोली लावताना त्यांचा आवाज मिरजेपर्यंत जातो असं मिरजेचे लोक कौतुकानं सांगत नसत. संध्याकाळी ते नट असायचे. शिरीष आठल्ये वीज मंडळात दप्तर सांभाळायचे आणि संध्याकाळी प्रॉम्प्टर असायचे. तीस वर्षं एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं न बोलल्यासारखं बोलायचं, असा संसार चालला होता.

प्रॉम्प्टिंग हे काम लोकांना वाटतं तसं वाचनाचं नाही. वही समोर असते ती रीत म्हणून. खरं लक्ष असतं नटाच्या अंगावर. नट थांबला, तर तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे श्वास पुरा व्हायच्या आत ओळखावं लागतं. प्रत्येकाची खूण वेगळी. मगदुमांची खूण म्हणजे उजव्या पायाचा अंगठा. वाक्य विसरलं की तो हलायचा. ही गोष्ट जगात फक्त आठल्यांना माहीत होती, खुद्द मगदुमांनाही नाही. अंगठा हलला की आठल्ये आवाज न करता, नुसत्या श्वासावर दोन शब्द सोडायचे, आणि मगदूम ते झेलायचे. पहिल्या रांगेलाही कधी पत्ता लागला नाही.

२०२७ साली राज्य नाट्यस्पर्धेत 'उताराची नाव'चा प्रयोग होता. तिसरा अंक. दौलू घरी येतो, बायको विचारते, "एवढी वर्षं कुठं होता तुम्ही?" त्यावर दौलूचं वाक्य आहे, "इथंच होतो. पलीकडच्या काठाला."

मगदूम थांबले. तालमीत कधी थांबले नव्हते. नाट्यगृह शांत झालं. आठल्यांनी अंगठ्याकडे बघितलं. अंगठा हलला.

आठल्यांनी शब्द सोडले. पण त्या शांततेत श्वाससुद्धा मोठा झाला. "इथंच होतो" हे शब्द विंगेतून निघाले ते सरळ शेवटच्या रांगेपर्यंत गेले. तिसऱ्या रांगेत एक जण हसला, मग चौथी, मग सगळे. तो थांबा मगदुमांनी आयुष्यभर जपून त्या रात्रीसाठी ठेवला होता, असं पुढं कळलं.

मेकअप उतरवताना मगदूम एवढंच म्हणाले, "आठल्ये, तुम्ही आता घरी जा." तीस वर्षं 'शिऱ्या' म्हणणारा माणूस 'तुम्ही' म्हणाला तेव्हा आठल्यांना कळलं, की हे मिटायचं नाही. त्यानंतर दोघं रोज आपापल्या गॅलरीत उभे राहून दोन वेगवेगळ्या दिशांना बघत आले. त्यामुळे गल्लीवर मात्र चांगली नजर राहिली. बावीस वर्षांत तिथं एकही सायकल चोरीला गेली नाही.

स्वप्न सुरू झाल्यावर आठल्यांना वाटलं, आपल्याला बोचणी लागलीय, तिचंच हे रूप. मग शर्टाचं प्रकरण झालं.

मगदुमांचा मुलगा हॅम्बर्गला असे. त्यानं बापाला एक पोपटी शर्ट पाठवला. तो घालून मगदूम गॅलरीत आले. आठल्ये जागेपणी काही बोलू शकत नव्हते, म्हणून दुपारी हॉलमध्ये बोलले. "अरे ए उद्या, त्या शर्टात तू सोललेल्या मटारासारखा दिसतोस."

मगदूमनं पाण्यात स्वतःकडे बघितलं आणि पुढचं वाक्य घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पोपटी शर्ट मगदुमांच्या गॅलरीच्या कठड्यावर वाळत होता. त्याचं फडकं झालं होतं. मगदुमांनी त्यानं फरशी पुसली होती, आणि पिळताना एकदा, एकदाच, समोर बघितलं होतं.

त्या दिवशी आठल्ये बारा वाजताच झोपायला गेले.

*

नऊ सूचना देऊनही ग्राहक ऐकत नाही म्हटल्यावर कंपनी माणूस पाठवते. अठ्ठावीस तारखेला सकाळी अन्वी पाटणकर आली. सव्वीस-सत्तावीसची, पाठीला सॅक, बोलण्यात इचलकरंजी.

"आजोबा, दहा मिनिटं लागतील फक्त."

"काका म्हण. आजोबा व्हायला माझी हरकत नव्हती, मुलाची होती."

मेधाताईंनी तिच्यापुढे भडंगाची बशी ठेवली आणि स्वतः समोर बसल्या, म्हणजे आता सगळं समजल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या. अन्वीनं आठल्यांच्या कानामागे एक काडी टेकवली, मांडीवरच्या काचेवर बघितलं, आणि तिचा भडंगाचा घास तोंडाशी थांबला.

"काका, तुमचा मणी दुपारी एकटा चालत नाहीये."

"म्हणजे?"

"आवृत्ती तीनमध्ये बॅटरी फार छोटी होती. ती वाचवायला तेव्हाच्या लोकांनी एक युक्ती केली. शंभर फुटांच्या आत दुसरा मणी असेल, तर दोघांनी स्वतंत्र ताल मोजत बसायचं नाही. एकानं मोजायचा, दुसऱ्यानं ऐकायचा. तेव्हा एकेका इमारतीत पंचवीस-पंचवीस मणी होते. सगळ्यांचा कालवा. कोणाचं कोणाला काही कळायचं नाही. आता सगळे नऊवर गेले. तुमच्या आसपास तीनवर फक्त दोघं उरलात."

"लाइन मोकळी झाली," आठल्ये म्हणाले.

"एकदम."

"मग त्यातून... चित्रं जातात का?"

अन्वीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "चित्रं नाही जात काका. ताल जातो. जोर जातो. कुठं थांबला ते जातं. झोपेत माणूस बोलायला गेला तर जीभ हलत नाही, पण त्या वाक्याचा ठेका मेंदूत उमटतो, तेवढा जातो. समजा, दोन अनोळखी माणसांना एकच ठेका पाठवला, तर एकाला आगगाडी दिसेल, दुसऱ्याला धुणं. नुसत्या ठेक्यावरून वाक्य ओळखायचं म्हणजे दोघांनी जन्मभर तेच केलेलं पाहिजे. असं कोण असतं?"

"कोणी नसतं," आठल्ये म्हणाले.

मेधाताईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग खिडकीतून पलीकडच्या गॅलरीतल्या पोपटी फडक्याकडे बघितलं, आणि भडंगातला एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. जपानीत काही म्हणाल्या नाहीत.

"तोटा काय आहे पण?" आठल्यांनी विचारलं. "चाललंय ते चालू दे की. म्हाताऱ्याला मारायला कंपनी कशाला पाहिजे?"

"तुम्हाला काही तोटा नाही." अन्वीनं काच त्यांच्यापुढे धरली. दोन रेघा होत्या, एक निळी, एक गेरवी. गेरवी आधी उठायची, निळी तिच्यामागून. "ही निळी तुमची. ही दुसऱ्याची. नियम असा होता, की ज्याचा मणी आधी बसला त्यानं ताल द्यायचा. त्यांचा तुमच्या तीन दिवस आधी बसलाय. तीन वर्षं ते देतायत, तुम्ही घेताय. तुमची बॅटरी बघा, नव्यासारखी. त्यांची दुपारीच संपत येते. मग रात्री त्यांना झोप लागत असेल असं मला वाटत नाही. दुपारनंतर डोकं दुखत असेल. अजून वर्षभर असंच चाललं तर मणी तापायला लागेल. तो कानामागं असतो, काका. तिथनं मेंदू लांब नाही."

"मग त्याला सांगा बदलायला."

"सांगितलं ना. काल गेलते. नाव नाही सांगता येणार मला. म्हणाले, रात्रीचं काय ते करा, माझ्या दुपारला हात लावायचा नाही." तिनं काडी पुसून ठेवली. "दोघांतला एक जरी नऊवर गेला तरी जोडी तुटते, त्यांच्यावरचा भार जातो. म्हणजे त्यांनी बदललं तरी चालेल, नाहीतर तुम्ही."

आठल्ये बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिले. गेरवी उठायची, निळी मागून. उठायची, मागून. तीस वर्षं आपण त्या माणसाला शब्द दिले असं ते समजत आले होते. आणि इथं तीन वर्षं, रोज दुपारी, तो यांना प्रॉम्प्ट करत होता. आवाज न करता. अंगावर काढून.

"एकदा गेलं की परत तीनवर येता येतं का?"

"नाही काका."

"परवा ये," आठल्ये म्हणाले. "सकाळी ये. तोवर दोन दुपारी होतील."

*

पहिली दुपार त्यांनी नुसती तालमीत घालवली. बोलायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दुपारी पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि आठ नंबर शाळेच्या भिंती जाऊन तिथं नदीचे घाट दिसत होते. पुलावरचे दिवे दिवसाच लागले होते आणि पाण्यात त्यांच्या पिवळ्या वाती लांबच लांब सुटल्या होत्या. बगळा आज हार्मोनियमवर होता.

"उद्या, डोकं दुखतं का रे तुझं?"

"दुपारनंतर. तिघा डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाला, हळद. दुसरा म्हणाला, वय. तिसरा माझ्याच अंगावर झोपला. त्याला नववी होती, बावीस मिनिटांनी उठून म्हणाला, काही नाही."

"ती आवृत्ती बदलून टाक."

"बदलली तर तू कुठं भेटणार?"

आठल्यांच्या स्टुलाखालून एक पान वाहत गेलं. मग दुसरं.

"समोरच राहतो मी."

"समोर आठल्ये राहतात," मगदूम म्हणाला. "मला त्यांच्याशी काय बोलायचं असतं ते सुचत नाही. रोज सकाळी गॅलरीत जाऊन उभा राहतो. वाक्य आठवत नाही."

लांब कुठंतरी होडीच्या वल्ह्याचा आवाज झाला, किंवा कोणाच्या तरी मण्याचा.

"एक विचारू?" आठल्ये म्हणाले. "त्या दिवशी तू विसरला नव्हतास ना?"

"नाही."

"मग तुझा अंगठा का हलला?"

मगदूमनं आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. पाण्याखाली तो फार मोठा दिसत होता. "अंगठा? हलला होता?" त्यानं आठवायला वेळ घेतला. "मुंगी चढली होती रे. लाल. अनवाणी होतो ना, नावाडी. चावली, पण म्हटलं, आत्ता हलायचं नाही. सगळा हललो असतो, तो नुसता अंगठ्यात हललो असेन."

बावीस वर्षं. आठल्यांनी वही मिटली.

"मला सांगायचंस तरी, तिथं थांबणार आहेस म्हणून."

"तुला सांगितलं असतं तर तू वहीत खूण केली असतीस. मग तो थांबा राहिला नसता, काम झालं असतं." मगदूम उठला. पाण्याचं एक मोठं वर्तुळ निघालं. "चल, तिसरा अंक घेऊ. आज किटली वाजायच्या आत पोचू."

आणि त्या दिवशी ते पोचले. उंबरा आला. नाव मागे आपोआप बांधली गेली. बायकोचं काम करायला कोणी नव्हतं, तेव्हा तिचं वाक्य नदीनंच म्हटलं. एवढी वर्षं कुठं होता तुम्ही?

दौलू थांबला.

आठल्ये स्टुलावर बसून होते. शब्द ओठांवर होते, दोनच, आणि ते त्यांनी दातांखाली धरून ठेवले. शांतता वाढत गेली. पाणी कमरेपर्यंत आलं. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडल्या. बगळा उडाला आणि हवेत थांबला. अंगठा पाण्याखाली होता, दिसत नव्हता, आणि आठल्यांनी बघितलंही नाही. इतका सुंदर थांबा त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. मगदूम काहीच करत नव्हता आणि अख्खी नदी त्याच्याकडे बघत होती.

किटली वाजली. तो थांबा तसाच राहिला. वाक्य झालं नाही.

*

तीस तारखेला सकाळी सात मिनिटांत काम झालं. काही दुखलं नाही. अन्वी म्हणाली, "झालं, काका." त्यावर आठल्ये म्हणाले, "हो का." मेधाताईंनी तिला डबाभर भडंग बांधून दिलं.

"सांगितलंत का त्यांना?" ती गेल्यावर मेधाताईंनी विचारलं.

"कोणाला?"

"दर दिवाळीला मी पलीकडे फराळाचं ताट देते. बावीस वर्षं ताट परत येतं तेव्हा त्यात हळदीची पुडी असते. मी काही विचारत नाही, ते काही सांगत नाहीत. मला वाटायचं, तुम्हा दोघांना कधीतरी सुचेल." त्या आत गेल्या.

दुपारी दोनला आठल्ये आडवे झाले. गोड बाई म्हणाली, "नवव्या आवृत्तीत आपलं स्वागत आहे." मग काहीच झालं नाही. पाणी आलं नाही, ऊन आलं नाही. कोणीतरी दिवा बंद करून लगेच लावावा, तसे ते बावीस मिनिटांनी उठले. अंग हलकं होतं, डोकं लख्ख होतं. इतकं ताजंतवानं त्यांना गेल्या वीस वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्या ताजेपणाचं काय करायचं ते कळत नव्हतं.

ते गॅलरीत आले.

दुपारच्या अडीचला ती गल्ली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मोटारी सावलीत माना टाकून उभ्या होत्या. पानं हलत होती पण आवाज करत नव्हती. हळदीचा वारा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला होता, आणि पिवळं ऊन खालच्या फरशीवरून वर येत होतं, अगदी पाण्यातून यावं तसं. आपण नक्की उठलो की नाही, हे तपासायला आठल्यांनी कठड्याला हात लावला. कठडा तापला होता.

पलीकडचं दार उघडलं. उदय मगदूम बनियनवर, विस्कटलेल्या केसांनी बाहेर आले. झोपेतून उठलेले. जिथं कोणीतरी असायला हवं होतं तिथं कोणी नाही, असं बघून उठलेले. त्यांनी कठड्यावरचं पोपटी फडकं बाजूला केलं. या वेळी ते दुसऱ्या दिशेला बघत नव्हते.

"आज हॉलवर आला नाहीस," मगदूम म्हणाले.

जागेपणी. मोठ्यानं. 'तुम्ही' नाही.

आठल्यांनी सकाळपासून तयारी केली होती. बॅटरीचं सांगायचं होतं, डोकेदुखीचं, गेरव्या रेघेचं, आणि तेव्हाची चूक माझी नव्हे पण मुंगीचीही नव्हे, हे सांगायचं होतं. चौदा वाक्यं होती, क्रमानं. त्यांनी तोंड उघडलं. जन्मभर दुसऱ्याचं वाक्य न विसरलेल्या माणसाला स्वतःचं एकही सापडेना.

"एवढी वर्षं कुठं होतास?" मगदुमांनी विचारलं.

आठल्ये उभेच राहिले. गल्ली उभी राहिली. चपलेतला उजव्या पायाचा अंगठा हलला.

मगदुमांनी तो बघितला. कठड्याच्या गजांमधून, वीस फुटांवरून, नीट बघितला. मुंगी आहे का तेही बघितलं असावं. मग ते थांबले. मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे ओळखायला प्रॉम्प्टरला लागतो तेवढाच वेळ. तो पुरा झाल्यावर त्यांनी मान किंचित पुढे केली आणि ज्या आवाजात हळदीची बोली लावायचे, त्या आवाजातला सगळा आवाज काढून टाकून, नुसत्या श्वासावर दोन शब्द सोडले.

"इथंच होतो..."

आठल्यांनी ते झेलले.

"इथंच होतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पलीकडच्या काठाला."

"ऐकू आलं नाही," मगदूम म्हणाले. "शेवटच्या रांगेपर्यंत जायला पाहिजे."

तेव्हा शिरीष आठल्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, झोपलेल्या अख्ख्या विश्रामबागेला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य पुन्हा म्हटलं.